काकातुआ कुणाकडे?

एकाच शब्दात तीन गोष्टी कोंबायची खोड आमच्या बेटाला कुणी लावली, देव जाणे. पण त्या शब्दापायी एका रविवारी शेजारच्या ओबेतवर बुडून मरायची वेळ आली होती, तेव्हा शब्द आधी नीट समजून घ्या. काकातुआ म्हणजे पक्षी. पांढरा, डोक्यावर तुरा, आणि चोच अशी की माणसाच्या बोटाचा तुकडा पाडेल. काकातुआ म्हणजे खिळे उपटायचा जंबूरही, कारण त्याचं तोंड हुबेहूब त्या चोचीसारखं. आणि काका तुआ म्हणजे थोरली बहीण. आमच्यात काका म्हणजे आपल्याहून मोठं भावंड, मग भाऊ असो की बहीण, आणि तुआ म्हणजे वयानं जुनं. मी जहाजावर खानसामा होतो तेव्हा रत्नागिरीकडचा एक खलाशी माझ्याबरोबर असायचा. त्याच्याकडे काका म्हणजे बापाचा भाऊ, आणि या पक्ष्याला ते काकाकुवा म्हणतात. आमचा शब्द लवंगांच्या पोत्यांबरोबर एवढ्या लांब गेला आणि बहिणीला वाटेतच कुठेतरी सोडून गेला.

योमिमाचं घर माझ्या घराला लागून. मधली भिंत सागो माडाच्या झावळ्यांची, म्हणजे नसल्यासारखीच. आई लवकर गेली. मग एकदा बापाची होडी मासेमारीहून परत आली ती रिकामी, लाटांनीच आणून किनाऱ्याला लावलेली. तेव्हा तिचा धाकटा भाऊ ओबेत अजून हाताला धरून चालायच्या वयाचा होता. योमिमानं त्याला वाढवलं. चांगली स्थळं आली, ती तिनं परतवली. केस अकाली पांढरे झाले, आवाज मूळचाच खणखणीत, त्यामुळे गावातली पोरं तिला पाहिलं की 'काकातुआ, काकातुआ' करून चिडवत आणि ती काठी घेऊन त्यांच्या मागे लागे. ओबेतनं मात्र तीच हाक मारली की तिचं तोंड निवळायचं. तो शब्द तोडून म्हणायचा, काका... तुआ. लहानपणी धावत धावत यायचा ना, तेव्हा मध्ये श्वास घ्यावा लागायचा. ती सवय मोठेपणीही राहिली.

घरात एक खरीखुरी काकातुआही होती. सुसी. ओबेतनं पिल्लू असताना आणलेली, पण माया सगळी योमिमावर, बाकी जगाला चावणार. ओबेतची हाक तिनं उचलली होती. त्याचा आवाज फुटला तसा तिचाही फुटला. डोळे मिटून ऐकलं तर कोण ओरडतंय ते कळू नये. ही सबंध दिवस 'काकातुआ! काकातुआ!' करून आळी डोक्यावर घ्यायची, आणि आम्ही शेजारी ऐकून न ऐकल्यासारखं करायला शिकलो होतो.

त्या रविवारी सकाळी चर्चची घंटा व्हायच्या आत बहीणभावाचं जुंपलं. ओबेतला बापाची होडी दुरुस्त करून समुद्रापलीकडच्या सोरोंग बंदरात कामाला जायचं होतं. ती होडी पुन्हा पाण्यात जाऊ नये यासाठी योमिमा जंग जंग पछाडत होती.

"त्या होडीनं बाबाला गिळलं. आता तुझा नंबर का?"

"होडीनं नाही, समुद्रानं गिळलं."

"मग समुद्राला सांग, घरात आता एकच उरलाय म्हणावं. तो मिळायचा नाही."

"मी काय तुझं कोंबडं आहे, डालून ठेवायला?" ओबेतचा आवाज चढला. "दिवसभर किंचाळतेस, जवळ येईल त्याला चावतेस. गाव म्हणतं ते काही खोटं नाही. काकातुआच आहेस तू!"

भिंतीपलीकडे मी कॉफीचा घोट गिळायचा थांबलो. हे गावानं म्हणणं वेगळं आणि त्यानं म्हणणं वेगळं.

योमिमानं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "ठीक. आजपासून मला काका म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार. योमिमा. नुसती योमिमा."

थोरल्या बहिणीला नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे आमच्याकडे भर चौकात थोबाडीत मारण्यासारखं. मला वाटलं, आता भांडी उडणार. पण ओबेतनंच पुढे विचारलं, "माझा काकातुआ कुठंय? पेटीत नाही."

"काकातुआ काकातुआकडे आहे," योमिमा म्हणाली. "हिंमत असेल तर घे काढून."

मला हसू फुटलं, कारण मला कळलं. तिनं जंबूर सुसीच्या झोपायच्या खोक्यात लपवला होता. त्या खोक्यात हात घालायचा म्हणजे बोटांवर पाणी सोडायचं. पण ओबेतचं डोकं तापलेलं. त्यानं त्या वाक्याचा अर्थ लावला तो असा, की जंबूर योमिमानं स्वतःच्या कमरेला खोचलाय. आणि जिला आत्ता नावानं हाक मारली, तिच्यापुढे हात कसा पसरायचा? तो पहार घेऊन तरातरा निघून गेला. त्याचा हा घोळ आम्हाला कळला तो सगळं होऊन गेल्यावर.

चर्च झालं, जेवणं झाली, गाव झोपलं. रविवारी आमच्याकडे कामाला हात लावायचा नसतो. पाद्रीबाबा पुढच्या रविवारी नाव घेऊन प्रवचन करतात. म्हणून ओबेतनं होडी घराखालच्या कोंडीत, म्हणजे खडकांनी वेढलेल्या छोट्या खाडीत, ओढून नेली होती. ओहोटीला ती तिथं दगडांवर टेकून उभी राही. वरून दिसायची नाही, आवाज मात्र यायचा.

मी योमिमाच्या ओसरीवर बसलो होतो. एलिफास मास्तरही आले होते. योमिमा केनारीच्या झाडाचे बदाम दगडावर फोडत होती. सुसी दांडीवर बसून योमिमाच्या हातून एकेक बदाम खात होती.

आता वर आम्ही काय गप्पा मारल्या ते सांगायच्या आधी खाली काय चाललं होतं ते सांगतो. तुम्ही तरी आमच्यासारखे मूर्ख बनू नका.

होडीची सगळ्यात खालची फळी कुजली होती. ती काढायची तर आधी तिचे खिळे उपटायला हवेत. जंबूर नव्हता, म्हणून या शहाण्यानं पहारीनं फळीचं एक टोक उचकटलं, फटीत लाकडी पाचर ठोकली, आणि आतली घाण काढायला होडीच्या पोटाखाली आडवा होऊन हात आत घातला. पाचर सटकली. फळी धनुष्यासारखी मागे आली आणि मनगट होडीच्या आतल्या लाकडी बरगडीशी दाबून बसली. फळीत दोन लांब खिळे अजून शाबूत होते. त्यांची टोकं आतून मनगटाच्या दोन्ही बाजूंना अशी रुतली की हात मागे ओढला तर कातडी सोलून निघेल आणि पुढे सरकवायला जागाच नाही. पहार हातातून निसटून घरंगळत गेली. दिवस पौर्णिमेचा. उधाणाची भरती लागली होती.

पहिली हाक आली तेव्हा मास्तर रंगात आले होते.

"शब्द पक्ष्याच्या ओरडण्यातून आला," ते म्हणत होते. "का-का, का-का. माणसानं नुसतं ऐकलं आणि म्हटलं. जंबूर नंतरचा. डच सुतार आले, त्यांच्या हातात ते हत्यार पाहिलं, आणि आपले लोक म्हणाले, अरे, ही तर काकातुआची चोच!"

"आणि बहीण?" मी विचारलं.

"ती लोकांनी मागाहून जोडली. शब्द तोडला की दोन तुकडे पडतात, त्यात बहीण सापडली, झालं."

"वा! म्हणजे पक्षी आधी, लोखंड मग, आणि बहीण सगळ्यात शेवटी," योमिमानं दगड आपटला. "शाळेत हेच शिकवता होय, मास्तर?"

"माझी आजी सांगायची ते खरं," मी म्हटलं. "एका पोरीचा भाऊ डोंगरात चुकला. ती झाडावर चढून त्याला हाका मारत राहिली. केस पांढरे झाले, नाकाची चोच झाली, तरी उतरली नाही. म्हणून तो पक्षी काका तुआ."

"बापा तेउस, उगाच भीती घालू नका," योमिमा म्हणाली. ती मला बापा म्हणते. आळीत सगळेच म्हणतात.

तेवढ्यात आवाज आला. काकातुआ!

"गप गं, सुसी," योमिमा मान वर न करता म्हणाली.

पुन्हा आला. काकातुआ!

"आज हिला झालंय काय?" मास्तर वैतागले. "बोलू देईना."

मी हसत सुसीकडे पाहिलं. तिच्या चोचीत अख्खा बदाम होता. पायानं धरून ती तो कुरतडत होती. आणि हाक तिसऱ्यांदा आली.

माझं हसू ओठांवरच राहिलं. "योमिमा," मी म्हटलं, "ही नव्हे. हिचं तोंड भरलंय."

तिनं सुसीकडे पाहिलं, मग खडकांकडे. चेहरा कडक झाला. "मग तो असेल. जंबूर मागतोय."

"असा ओरडून?"

"ओरडू दे. तोंडानं मागायला लाज वाटते ना, मग तिथूनच बोंबलू दे. रविवार आहे. आणि मी त्याची कोण? नुसती योमिमा."

तिनं बदाम दगडावर ठेवला आणि फोडला. काकातुआ! खालून हाक आली. तिनं दुसरा ठेवला. हाक आली. मास्तरांनी विषय बदलायचा प्रयत्न केला, पण तिसरं वाक्य त्यांना सुचेना. हाक एकसुरी होती, एका दमात म्हटलेली, जशी सुसी म्हणते, जसा कोणीही जंबूर मागतो. त्यात काही वावगं नव्हतं. तरी मी उठून उभा राहिलो.

"जाऊन बघतो मी," मी म्हटलं.

"बसा, बापा. तुम्ही गेलात की त्याला वाटेल, मीच पाठवलं."

मी बसलो. तिच्यापुढे पाद्रीबाबाही बसतात.

मग हाका थांबल्या. ते जास्त वाईट होतं. खडकांवर पाणी आपटायचा आवाज मघापेक्षा जवळ आला होता. योमिमाच्या हातात दगड होता आणि खाली बदाम होता, पण तिनं तो फोडला नाही. ती ऐकत होती.

आणि मग ती हाक आली. मोठी नव्हती. घशात पाणी गेल्यासारखी, घरघरणारी.

काका... तुआ.

मधे श्वास होता.

पक्षी मधे श्वास घेत नाही. जंबूर मागणाराही घेत नाही. तो श्वास घेणारं एकच माणूस जगात होतं.

योमिमाच्या हातून दगड पडला. बदामांची सुपली उलटली. ती उठली कधी ते मी पाहिलंच नाही, मला दिसली ती उतारावरून धावताना, लुंगी गुडघ्यापर्यंत वर धरून, अनवाणी. "आले!" ती ओरडत होती. "आले रे, आले!"

मी आणि मास्तर उतारापर्यंत पोचतो न पोचतो तोच खडकांमागून तिचा आवाज आला.

"काकातुआ! काकातुआ आणा!"

या वेळी अर्थ कोणी विचारला नाही. मी मागे फिरलो आणि ओसरीवर आलो. सुसीला आमची धावपळ पाहून आधीच चेव चढला होता. तुरा पंख्यासारखा उभा करून ती दांडीवरून खोक्याच्या तोंडाशी येऊन बसली होती. म्हणजे काकातुआ हवा तर काकातुआच्या तोंडातूनच घ्यायचा. मी देवाचं नाव घेतलं आणि हात घातला. तिनं माझं मधलं बोट धरलं आणि सोडलं नाही. हाडावर चोच घासल्याचं मला जाणवलं. मी दुसऱ्या हातानं लाकडाचा भुसा उपसला, जंबूर सापडला, तिच्यासकट हात बाहेर ओढला आणि झटकला. रक्त जंबुरावर सांडत होतं. उतारावरून मी कसा उतरलो ते मला आजही सांगता येणार नाही. या वयात माणूस तसा उतरत नाही.

कोंडीत पाणी भरलं होतं. होडीच्या कडेला मास्तर कमरेएवढ्या पाण्यात उभे, खांदा लावून होडी वर रेटू पाहत होते, आणि आत पाणी भरलेली होडी हलत नव्हती. खाली योमिमा पाण्यात बसली होती. ओबेतचं डोकं तिच्या दंडावर, हनुवटी आभाळाकडे. पाणी कानांवरून गेलं होतं. लाट आली की तोंडावरून जाई, आणि तो डोळे मिटून वाट पाही. पहार तिनं शोधून काढली होती, एकदा लावूनही पाहिली होती. पण फळी उचलली की खिळे मनगटात आणखी घुसत. आजूबाजूचं पाणी लालसर झालं होतं.

मला भीती वाटली. साधी, लहान पोराला वाटते तशी.

"बापा, डोकं धरा," योमिमा म्हणाली. आवाज शांत होता. मला तो किंचाळण्यापेक्षा भयंकर वाटला. "नाक वर ठेवा. काही झालं तरी नाक वर."

मी त्याचं डोकं धरलं. तिनं जंबूर घेतला आणि पाण्याखाली गेली.

तिचे पांढरे केस तेवढे वर तरंगत होते. होडीतून लोखंड घासल्याचा आवाज येत होता. ती वर आली, दम घेतला, पुन्हा गेली. ओबेत माझ्याकडे बघत होता. काही बोलायला त्यानं तोंड उघडलं आणि लाट आत गेली. तो खोकला, माझ्या हातात त्याचं अंग ताठ झालं. मी त्याचं डोकं इतकं वर दाबलं की कपाळ होडीला लागलं. त्याहून वर न्यायला आता जागाच उरली नव्हती.

ती वर आली. हातात एक वाकडा, गंजलेला खिळा होता. तो फेकून पुन्हा गेली.

दुसरा निघेना. खिळ्याची टोपी गंजून गेलेली, जंबूर घसरत होता. तो घसरल्याचा कट्ट आवाज मला प्रत्येक वेळी ऐकू येई. मास्तर मोठ्यानं प्रार्थना म्हणायला लागले. लाट आली आणि ओबेतचं नाक बुडालं. लाट गेली, नाक वर आलं नाही. पाणीच तेवढं चढलं होतं. तो माझ्याकडे पाण्याखालून बघत होता, डोळे उघडे. मी ओरडलो. काय ओरडलो ते मला माहीत नाही, पण मास्तर नंतर म्हणाले की मी काकातुआच ओरडत होतो.

मग होडीतून एक लांब कुईं असा आवाज आला, आणि ओबेत माझ्या हातात एकदम हलका झाला.

आम्ही तिघांनी त्याला पुळणीवर ओढलं. तो ओकला, खोकला, पुन्हा ओकला. मनगटाची दशा पाहवत नव्हती, पण बोटं हलत होती. योमिमा गुडघ्यांवर त्याच्याशेजारी बसली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या पाठीत गुद्दे घालायला लागली. रडत होती आणि मारत होती.

"मेल्या! गाढवा! कुठल्या काकातुआला हाक मारत होतास? सांग! मला की जंबुराला?"

मास्तर म्हणाले, "योमिमा, जरा दम घेऊ दे त्याला."

"तुम्ही गप्प बसा, मास्तर! सांग रे!"

ओबेतनं डोकं वाळूवर टेकलं. ओठ निळे पडले होते.

"आधी जंबूर," तो म्हणाला. "पुष्कळ वेळ जंबूरच. तुला हाक मारायची नाही असं ठरवलं होतं ना."

"मग?"

"मग पाणी तोंडाशी आलं." त्यानं डोळे मिटले. "मग जंबूर आठवलाच नाही."

योमिमाची मूठ हवेतच राहिली. मग तिनं ती उघडून त्याच्या डोक्यावर ठेवली. मी खडकाकडे तोंड केलं. माझ्या बोटातून रक्त येत होतं, ते धुवायला हवं होतं.

हात बरा झाल्यावर तो सोरोंगला गेलाच. होडीनं नाही, मोठ्या जहाजानं, ही एक अट योमिमानं मान्य करून घेतली. धक्क्यावर तिनं त्याच्या पिशवीत जंबूर टाकला. "काकातुआ काकातुआकडे होता, आता तुझ्याकडे," ती म्हणाली, आणि तो हसला. होडी कोंडीत तशीच आहे, एक फळी नसलेली.

राहिली सुसी. तिनं त्या दिवशी वरून सगळं ऐकलं होतं. महिनाभर गप्प होती. मग एका दुपारी माझ्या कानावर हाक आली आणि मी अंथरुणावरून ताडकन उठलो. घरघरणारी, पाणी गेलेल्या घशाची. काका... तुआ. मधला श्वास धरून. कार्टीनं जशीच्या तशी उचलली होती.

आता ती दुसरं काही म्हणतच नाही. हाक आली की योमिमा भाकरी भाजत असली तरी तवा उतरवून बाहेर येते. उतारापर्यंत जाते, खडकांकडे बघते आणि परत येते.

एकदा मी म्हटलं, "अगं, सुसी आहे ती. तो सोरोंगला आहे."

"माहीत आहे मला, बापा," ती म्हणाली. "तेव्हाही सुसीच आहे असं वाटलं होतं."